एका नळीचा पोर्टेबल एसी: छोट्या केबिनपुरता ठीक

भाड्याच्या कार्यालयात भिंतीला भोक पाडण्याची किंवा बाहेर कॉम्प्रेसर टांगण्याची परवानगी नसली, की उन्हाळ्याच्या तोंडावर चाकांवर फिरणाऱ्या पोर्टेबल एसीचा विचार होतोच. आमच्या कार्यालयातल्या चौघांच्या केबिनसाठी असेच एका नळीचे, 12,000 बीटीयू क्षमतेचे यंत्र घेतले. केबिनला पश्चिमेकडे काचेची मोठी खिडकी आहे, त्यामुळे खरी परीक्षा दुपारनंतर असते.

सकाळच्या वेळी संपूर्ण केबिन सुखद राहते, याचे श्रेय यंत्राला द्यायलाच हवे. दुपारी मात्र थंड झोताच्या टप्प्याबाहेर, विशेषतः दाराजवळच्या टेबलापाशी, उकाडा कायम राहतो आणि त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. कंडेन्सर, म्हणजे खोलीतून शोषलेली उष्णता बाहेर सोडणारा भाग, गार ठेवण्यासाठी हे यंत्र खोलीतलीच हवा ओढते आणि ती तापली की नळीतून खिडकीबाहेर टाकते. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. ती दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, फॉल्स सीलिंगच्या फटींतून येते आणि बाहेरचा उष्मा सोबत आणते. टिश्यू पेपरची पट्टी दाराखालच्या फटीपाशी धरली, तर यंत्र चालू होताच ती आतल्या बाजूला फडफडू लागते. ताशी 300 घनमीटर हवा बाहेर फेकली जात असेल, तर 30 घनमीटरच्या केबिनच्या आकारमानाएवढी हवा दर सहा मिनिटांनी निघून जाते. मिळवलेल्या गारव्यातला बराचसा वाटा यंत्र स्वतःच असा उधळून टाकते.

म्हणूनच खोक्यावरचा आकडा नीट वाचावा. 12,000 बीटीयू म्हणजे एक टन खरे, पण त्या मापात आत शिरणाऱ्या गरम हवेचा हिशेब धरलेला नसतो. ती हवा आणि नळीतून खोलीत परतणारी उष्णता वजा करून काढलेला ‘एसएसीसी’ नावाचा आकडा अशा यंत्रांच्या बाबतीत अनेकदा 7,000 ते 8,000 च्या घरात असतो. विक्रेता पहिला आकडा आपणहून सांगतो. दुसरा विचारून घ्यावा लागतो.

नळीही चांगलीच तापते. ती शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवून तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवले की फरक जाणवतो. जोडणी लावून लांबी मात्र वाढवू नये. काही ठिकाणी तर ही नळी सरळ बाहेरच्या पॅसेजमध्ये सोडलेली दिसते. तिथून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे काय होत असेल ते असो, पण तीच गरम हवा दाराच्या फटीतून पुन्हा आत येते.

आवाजाबद्दल तक्रार आहेच. कॉम्प्रेसर खोलीतच असल्यामुळे पंख्याचा वेग कमी करूनही घरघर थांबत नाही, आणि सततच्या आवाजापेक्षा कॉम्प्रेसर मध्येच बंद पडून धडधडत पुन्हा सुरू होतो तो क्षण फोनवर बोलणाऱ्याला अधिक त्रासाचा वाटतो.

यंत्राच्या मदतीला दोन गोष्टी कराव्यात. पश्चिमेची काच बाहेरून झाकावी, कारण आतला पडदा ऊन अडवतो तोवर त्याची बरीचशी उष्णता काचेतून आत शिरलेली असते. शिवाय छताचा पंखा चालू ठेवावा; अंगावर वारा खेळता असला की 26 ते 27 अंशांवरही काम सुखाने होते आणि यंत्राला उगाच 20 अंशांच्या मागे धावावे लागत नाही. एवढे केल्यावर दाराजवळच्या टेबलाची कुरकुर बरीच कमी झाली. मोठ्या हॉलसाठी मात्र हे यंत्र घेऊ नये. खिडकीत दोन नळ्या बसवण्याइतकी जागा असेल, तर कंडेन्सरसाठी बाहेरचीच हवा घेणारे दोन नळ्यांचे यंत्र थोडे महाग पडले तरी अधिक रास्त ठरेल.

फिल्टर सहज निघतो आणि नळाखाली धुता येतो. पाण्याची व्यवस्था मात्र कोणी विचार करून केलेली दिसत नाही. कोरड्या हवेत जमलेले पाणी नळीवाटे वाफ होऊन निघून जाते, पण हवा दमट झाली की टाकी भरते, लाल दिवा लागतो आणि यंत्र थंड करणेच थांबवते. पाणी सोडण्याचे बूच जमिनीला इतके टेकलेले आहे की त्याखाली बादली मावत नाही. पसरट ट्रे हाताशी ठेवावा लागतो आणि तो भरण्याआधी बूच परत लावण्याची चपळाई दाखवावी लागते.