ॲप बनवण्याआधी विचार कुणाबरोबर करायचा? नाशिकच्या दोन कामांवरून चार पर्यायांची तुलना

नाशिकमध्ये एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून सॉफ्टवेअरची कामं घेणारे बरेच जण आहेत. काम कधी द्राक्ष बागायतदाराचं असतं, कधी अंबड-सातपूरच्या वर्कशॉपचं, कधी एखाद्या दवाखान्याचं. कल्पना डोक्यात येते, आणि कोड लिहायला बसण्याआधी ती कुणाशी तरी बोलून पारखून घ्यावीशी वाटते. मोठ्या कंपनीत शेजारच्या टेबलावर सीनियर असतो. इथे तो नसतो. म्हणून एआय कोडिंग असिस्टंट उघडला जातो, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त विचार करण्यासाठी तो कुठवर उपयोगी पडतो आणि कुठून पुढे दिशाभूल करतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

पर्याय चार आहेत. ब्राउझरमधल्या चॅटशी बोलायचं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये चालणाऱ्या कोडिंग असिस्टंटकडून नुसता आराखडा करून घ्यायचा. आराखड्यात न अडकता त्याच्याकडून थेट प्रोटोटाइप, म्हणजे चालणारा कच्चा नमुना, बनवून घ्यायचा. किंवा माणसाशी बोलायचं, म्हणजे ज्याचं काम आहे त्याच्याशी, नाहीतर एखाद्या अनुभवी डेव्हलपरशी. माझं मत स्पष्ट आहे: नवीन काम असेल तर पहिलं बोलणं माणसाशी आणि दुसरं असिस्टंटशी. हा क्रम उलटा झाला की वेळ आणि पैसा भलत्याच भागावर खर्च होतो.

फवारणीची डायरी

दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराला फवारणीच्या नोंदी मोबाइलवर हव्या होत्या. निर्यातीच्या मालाला कोणतं औषध कधी मारलं याची नोंद दाखवावी लागते. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवसांचं अंतर, ज्याला सगळे पीएचआय म्हणतात, तेही पाळावं लागतं. ते चुकलं तर नमुन्यात औषधाचा अंश सापडतो आणि माल अडकतो. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लेबल क्लेम असलेल्या, म्हणजे द्राक्षावर वापरायला मान्यता असलेल्या, औषधांची यादी पीएचआयसकट प्रसिद्ध करतं. म्हणजे माहिती हाताशी आहे, ती रोजच्या कामात बसवायची आहे.

ही कल्पना असिस्टंटपुढे ठेवल्यावर त्याने जे प्रश्न काढले ते खरोखर चांगले होते. दुकानदाराच्या बिलावर ब्रँडचं नाव असतं आणि प्रयोगशाळेच्या अहवालात घटकाचं, मग दोन्हींची सांगड कुठे घालणार? एकाच औषधात दोन घटक असतील तर पीएचआय कोणाचा धरायचा? एकाच प्लॉटची काढणी दोन टप्प्यांत झाली तर? जुनी नोंद नंतर बदलली तर आधी काय लिहिलं होतं ते दिसायला हवं का? निर्यातदार वही तपासणार असेल तर दिसायलाच हवं. हे सगळे प्रश्न पहिल्या बैठकीत मुरलेल्या डेव्हलपरलाही सुचतीलच असं नाही. असिस्टंटला ते काही मिनिटांत सुचले, तेही मराठीत विचारल्यावर मराठीत.

पण आराखडा उभा राहिला तो जानेवारी-फेब्रुवारीच्या, म्हणजे नेहमीच्या तारखांच्या, कॅलेंडरवर. बागायतदाराने तो पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, तारीख राहू द्या. छाटणीला किती दिवस झाले ते आधी दाखवा.” द्राक्षबागेचा सगळा हिशेब छाटणीच्या दिवसापासून चालतो. एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी, आणि एकाच शेतकऱ्याच्या तीन प्लॉटचे दिवस तीन प्रकारचे. मोठ्या प्लॉटवर टोळीची छाटणी दोन-तीन दिवस चालते, तेव्हा शून्यावा दिवस कोणता धरायचा हे तोच ठरवतो. असिस्टंटला ही माहिती नव्हती असं अजिबात नाही. विचारलं असतं तर दोन्ही छाटण्यांमधला फरक त्याने व्यवस्थित सांगितला असता. पण न विचारता त्याने ती पाया म्हणून वापरली नाही, आणि नवीन क्षेत्रात काय विचारायचं हेच तर आपल्याला माहीत नसतं.

औषधाची मात्रा असिस्टंटने प्रति लिटर धरली होती. बागेत हिशेब चालतो तो फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीवर: टाकीला किती, आणि प्लॉटला किती टाक्या लागल्या. रोज त्याचं लिटरमध्ये रूपांतर करून कुणी लिहिणार नाही. ते काम ॲपने करायचं.

सगळ्यात महागडी गोष्ट होती ऑफलाइनची. शेतात रेंज नसणार असं गृहीत धरून असिस्टंटने नोंदी फोनमध्ये साठवायच्या, रेंज आली की सर्व्हरशी जुळवायच्या, दोन फोनवर एकच नोंद बदलली तर कोणती खरी मानायची, असा भलामोठा भाग मांडला होता. तांत्रिकदृष्ट्या त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण त्या घरात डायरी लिहितो मुलगा, संध्याकाळी, घरी, वायफायवर, कारण फवारणी चालू असताना औषधाच्या हातांनी फोन कुणी धरत नाही. एका वाक्यात आराखड्याचा सर्वांत खर्चिक भाग गळून पडला. हे वाक्य कुठल्याही मॉडेलकडे नव्हतं. ते ओट्यावर बसल्याशिवाय मिळणार नव्हतं.

त्यानंतर तीच कल्पना शेतकऱ्याच्या शब्दांसकट पुन्हा असिस्टंटला दिली, तेव्हा दुसरा आराखडा निम्म्याहून लहान झाला आणि कितीतरी अधिक उपयोगाचा. म्हणून माझी आग्रहाची सूचना: क्लायंट जे बोलला ते त्याच्याच मराठीत, जसंच्या तसं टाइप करा. ‘छाटणीनंतर दिवस’ याचं आपण सुधारून ‘सीझन डे’ केलं की पुढच्या सगळ्या उत्तरांत ते शब्द हरवतात.

जुनं सॉफ्टवेअर असेल तर

इथे तराजू पार दुसरीकडे झुकतो. अंबडमधल्या एका वर्कशॉपकडे बिलिंगचं जुनं पीएचपी सॉफ्टवेअर आहे, आणि बाहेर जॉब वर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेल्या मालाचा माग ठेवायचा आहे. ब्राउझरमधल्या चॅटला विचाराल तर तो एक आदर्श रचना सांगेल. ती तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसते का, हे त्याला कळायला मार्ग नाही, कारण त्याने ते पाहिलेलंच नाही.

फोल्डरमध्ये चालणारा असिस्टंट ते वाचतो. गिटहब कोपायलट 2021 मध्ये आलं तेव्हा ते पुढच्या काही ओळी सुचवायचं. आताची साधनं अख्खा प्रोजेक्ट चाळतात. क्लॉड कोड या असिस्टंटमध्ये शिफ्ट आणि टॅब दाबत प्लॅन मोडला गेलं की तो फाइल्स वाचतो, प्रश्न विचारतो, आराखडा मांडतो, पण तुम्ही होकार देईपर्यंत एकाही फाइलला हात लावत नाही. कर्सर या दुसऱ्या साधनात याच कामासाठी आस्क मोड आहे. या वर्कशॉपच्या कोडमध्ये असिस्टंटला दिसलं की डेटाबेसमधल्या चलानच्या (मालासोबत पाठवायच्या कागदाच्या) टेबलात नग आकडा म्हणून नाही तर मजकूर म्हणून साठवले आहेत. कुठे ‘50’, कुठे ‘50 नग’. शंभर नग गेले आणि साठच परत आले तर उरलेले चाळीस मोजायचे कसे? आधी हे साफ करायला हवं, मग बाकीचं. हे उत्तर त्या कोडमधूनच येऊ शकतं, आणि माणसाला ते शोधायला बराच वेळ लागला असता.

कायद्याची बाजूही असिस्टंटने मांडली. जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात. कच्चा माल वेळेत आला नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं. म्हणजे चलानच्या तारखेपासून इशारा देणारी सोय पहिल्याच आवृत्तीत हवी. मात्र अशी माहिती सीएकडून तपासून घेतल्याशिवाय कोडमध्ये घालू नका. आयटीसी-04 हा जॉब वर्कच्या मालाचा तपशील देणारा फॉर्म पूर्वी दर तिमाहीला भरायचा असे. 1 ऑक्टोबर 2021 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना तो सहामाही आणि बाकीच्यांना वार्षिक झाला. जुने लेख अजून जागोजागी आहेत, आणि मॉडेल त्यांच्यावरही शिकलेलं असतं.

थेट प्रोटोटाइप

याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. आराखड्याचं पान दाखवलं की बहुतेक लोक “छान आहे” म्हणतात. स्क्रीन हातात दिली की अंगठा फिरतो आणि प्रश्न सुरू होतात: मागची नोंद कुठे गेली, प्लॉट बदलायचा कसा, अक्षर मोठं होईल का. पडद्यावरची मांडणी, बटणं, पायऱ्यांचा क्रम या बाबतीत कुठल्याही चर्चेपेक्षा एक कच्चा डेमो जास्त सांगतो, आणि असिस्टंटमुळे तो एका संध्याकाळीत तयार होतो.

धोका नंतरचा आहे. क्लायंटला वाटतं काम झालं, “आता देऊनच टाका की.” आणि घाईत ठरलेली डेटाची टेबलं तशीच पुढे जातात. ती नंतर बदलणं म्हणजे भरलेला डेटा हलवणं. शिवाय वेगाचा भास होतो. मेटर या संस्थेने 2025 मध्ये 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांचं काम मोजलं, तेव्हा एआय वापरल्यावर त्यांना सरासरी 19 टक्के जास्त वेळ लागला होता, आणि त्यांना स्वतःला मात्र आपण 20 टक्के वेगाने काम केलं असं वाटत होतं. साधनं तेव्हापासून पुढे गेली आहेत, पण वाटणं आणि असणं यातलं अंतर लक्षात ठेवावं असंच आहे. डेमो करायचा तर खोट्या डेटावर करा, वेगळ्या फोल्डरमध्ये करा, आणि क्लायंटला आधीच सांगा की हे टाकून द्यायचं आहे.

होला हो

चॅट असो वा प्लॅन मोड, एक दोष दोन्हींत आहे. तुम्ही उत्साहाने सांगितलेली कल्पना त्यांना आवडते. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-4ओ या मॉडेलचा एक बदल मागे घ्यावा लागला, तो मॉडेल फारच गोडगोड बोलायला लागल्यामुळे. त्याहून मला जास्त घातक वाटतं ते आराखड्याचं रूप. मथळे, टप्पे, नीटनेटकी टेबलं पाहून निर्णय झाला आहे असं वाटतं, आणि प्रत्यक्षात त्यात चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. शिवाय आराखडा फुगतो: लॉगिन, भूमिका, नोटिफिकेशन, अहवाल. एका शेतकऱ्याच्या वहीची बघता बघता कंपनी होते.

यावर काही उपाय मला नेमाने उपयोगी पडतात. कल्पना आपली आहे असं सांगायचं नाही. ‘एकाने हा प्रस्ताव आणला आहे, मी यात पैसे घालू का?’ असं विचारलं की सूर बदलतो. आराखड्याआधी ‘तू काय काय गृहीत धरतो आहेस ते लिही’ हे विचारायचं. ती यादी हातात घेऊन क्लायंटकडे जाता येतं, आणि माझ्या मते असिस्टंटकडून मिळणारी ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पहिली आवृत्ती एक शेतकरी, एक प्लॉट, एका पानात मावेल एवढीच, अशी हद्द घालायची. आणि तपासणी नवीन सेशनमध्ये करायची, कारण ज्या संभाषणात आराखडा तयार झाला त्यातच त्याची उलटतपासणी मागितली तर तो बऱ्याचदा स्वतःच्याच बाजूने बोलतो.

अनुभवी माणूस यात वेगळा ठरतो तो एकाच गोष्टीने. तो न विचारता म्हणतो, “हे करू नकोस, वहीच बरी आहे,” किंवा “हा माणूस दुसऱ्या वर्षी पैसे देणार नाही.” असा सल्ला मिळत असेल तर तो घ्या. फक्त असा माणूस दर आठवड्याला वेळ देईल ही अपेक्षा नको. त्याच्याकडे जाताना अर्धवट कल्पना नेण्यापेक्षा असिस्टंटशी बोलून उरलेले दोन-तीन खरे पेच न्या.

मग तुम्ही काय निवडाल

कल्पना अगदी कच्ची असेल आणि कोडची एक ओळही नसेल, तर ब्राउझरमधला चॅट पुरतो, फुकटातलासुद्धा. फोल्डर वाचणाऱ्या असिस्टंटला बहुधा दर महिन्याला खर्च येतो, आणि तो वसूल होतो जुन्या कोडवर. तिथे मी विचारही न करता तोच निवडेन, आणि तिथे मात्र क्लायंटच्या आधी त्याला कोड वाचायला देणं योग्य. कोणताही वापरा, पण शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, वर्कशॉपचे दर यातलं खरं काही त्यात घालू नका. फुकट योजनांमध्येच नाही, तर वैयक्तिक वापराच्या काही पैसे देऊन घेतलेल्या योजनांमध्येही संभाषण मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ शकतं, ती सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या. टेबलांची रचना आणि सोबत नमुन्याच्या दहा खोट्या ओळी एवढ्यावर त्याचं काम भागतं.

क्षेत्र तुमचं स्वतःचं असेल, म्हणजे घरची बाग आहे किंवा तुम्ही त्याच वर्कशॉपमध्ये काम केलं आहे, तर माणसाची पायरी गाळून सरळ प्लॅन मोडपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे काय विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे. आणि ज्यांच्याकडे क्लायंट नाही, नुसती कल्पना आहे, त्यांनी असिस्टंटला आराखडा मागूच नये. ‘हे काम आज लोक कशावर भागवतात आणि ते सोडून माझ्याकडे का येतील, हे शोधायला मी कुणाला कोणते पाच प्रश्न विचारू?’ एवढंच विचारावं, आणि ते प्रश्न घेऊन पिंपळगाव बसवंतच्या बाजारात किंवा अंबडच्या गाळ्यात जावं.