वेंगुर्ला की आंबोली? स्वतः रांधून राहायचं असेल तर

दोन्ही सिंधुदुर्गातच. एक समुद्राला टेकलेलं, दुसरं सह्याद्रीत सुमारे ७०० मीटरवर. स्वयंपाकघरासकट घर भाड्याने घेणार असाल, तर निसर्गाआधी बाजार बघा.

वेंगुर्ल्यात बाजार हीच निम्मी सुट्टी. सकाळी लवकर गेलात तर बांगडे ताठ आणि चकचकीत डोळ्यांचे मिळतात. गालफडं उचलून आतले कल्ले लालभडक आहेत ना ते बघा. साफ करून मागा, म्हणजे घरमालकाचं बेसिन वाचेल. मग ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद यांचं वाटण, थोडी आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं. कांदासुद्धा लागत नाही. घर ठरवताना मिक्सर आहे का, हे मात्र आधी विचारा. पाट्यावर वाटायची हौस एका जेवणात फिटते.

आंबोलीत सामान सावंतवाडीतूनच भरून न्या, कारण नंतर काही राहिलं तर सुमारे तीस किलोमीटरचा घाट उतरावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली की मिक्सरही गेला, त्यामुळे पिठलं-भात, खिचडी बरी. आणि धुक्यात कपडे वाळत नाहीत.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग. तेव्हा माझं मत आंबोलीला. ऑक्टोबर ते मार्च मात्र वेंगुर्ला, आणि मासे न खाणारे सोबत असले तरीही. सोलकढी तर त्यांनाही चालते.