बीएलडीसी पंखे : एक अख्खा उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही घरातले तीन जुने सीलिंग फॅन काढून बीएलडीसी, म्हणजे ‘ब्रशलेस डीसी’ मोटरचे, कमी वीज घेणारे पंखे बसवले. एक बैठकीच्या खोलीत, दोन झोपायच्या खोल्यांत. उन्हाळाभर हे पंखे जवळजवळ अखंड फिरले, त्यामुळे आता त्यांच्याबद्दल ठामपणे बोलता येईल इतका वापर झाला आहे. निकाल आधीच सांगते. जिथे पंखा दिवसाला आठ-दहा तासांहून जास्त फिरतो तिथे हा बदल करावाच. जिथे तासभरच फिरतो तिथे पैसे अडकवू नयेत. आणि घरात एसी असेल, तर या पंख्यांमुळे होणारी मोठी बचत एसीच्या वापरात होते. दुकानात हे शेवटचं कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

साध्या पंख्यात इंडक्शन मोटर असते. तिच्या फिरणाऱ्या भागात चुंबकत्व तयार करण्यासाठीच वीज खर्ची पडते, आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन वाया जाते. बीएलडीसी मोटरमध्ये फिरणाऱ्या भागावर कायमचं चुंबक बसवलेलं असतं आणि वायरच्या गुंडाळ्यांना कधी, किती वीज द्यायची ते आतला छोटा सर्किट बोर्ड ठरवतो. परिणाम असा, की साधारण आकाराचा, म्हणजे १२०० मिलिमीटरचा जुना साधा पंखा फुल स्पीडला ७० ते ८० वॅट घेतो, तर तेवढाच बीएलडीसी पंखा २८ ते ३५ वॅटमध्ये तेच काम करतो. फरक हाताला कळतो. जुना पंखा रात्रभर फिरून बंद केला की मोटरच्या कवचावर हात ठेववत नसे. नव्या पंख्याची पाती पुसताना त्याच जागी हात लावला तर जेमतेम कोमट लागतं. ऐन उकाड्यात डोक्यावर लटकणारी ती उष्णतासुद्धा आपण विकतच घेत होतो.

डब्यावरच्या आकड्यांवर विसंबून न राहता हे घरच्या मीटरवरच तपासता येतं. बऱ्याच डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. फ्रिजसकट घरातलं सगळं बंद केलं आणि फक्त जुना पंखा फुलवर सोडला, तेव्हा दिवा दर पंधरा सेकंदांनी लुकलुकत होता. हिशेब केला तर ७५ वॅट. त्याच हुकाला नवा पंखा टांगल्यावर दोन लुकलुकींमधलं अंतर सदतीस-अडतीस सेकंदांवर गेलं, म्हणजे ३० वॅट. तीन नंबरच्या स्पीडवर तर दीड मिनिट वाट बघूनही दिवा लागेना, थोडं आणखी थांबावं लागलं. मुलगी मोबाइलवर सेकंद मोजत होती, तिला वाटलं मीटरच बंद पडला. पंखे बदलायचा विचार असो वा नसो, ही पाच मिनिटांची तपासणी प्रत्येकाने आपल्या घरी एकदा करून बघावी. कोणती वस्तू किती खाते ते एकदा डोळ्यांनी दिसलं, की खटका बंद करायची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही.

आता पैशांचं. फुल स्पीडला ४५ वॅटचा फरक आणि दिवसाला पंधरा तास वापर धरला, तर एका पंख्यामागे रोज साधारण ०.६७ युनिट वाचतं, महिन्याला २०. तीन पंख्यांचे ६०. याला आपल्याकडच्या दराने गुणलं की महिन्याची बचत निघते. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. वापर वाढेल तसा दर टप्प्याटप्प्याने चढत असेल, तर हे ६० युनिट सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होतात. सरासरी दर धरून हिशेब मांडला तर बचत आहे त्यापेक्षा कमी दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे पैसे किती महिन्यांत फिटतील हे पंखा कोणत्या परिस्थितीत घेताय त्यावर ठरतं. जुना पंखा जळालाच असेल आणि नवा घ्यायचाच असेल, तर साधा आणि बीएलडीसी यांच्या किमतीतला फरक तेवढा वसूल व्हायचा असतो. चालता पंखा काढून टाकणार असाल, तर नव्याची पूर्ण किंमत वसूल व्हायला हवी. जाहिरातीत नेहमी पहिला हिशेब दाखवतात आणि घेणारे बहुतेक लोक दुसऱ्या परिस्थितीत असतात. म्हणून सगळे पंखे एकदम बदलण्यापेक्षा सगळ्यात जास्त फिरणारा पंखा आधी बदलावा आणि बाकीचे जसे बिघडतील तसे.

वर फुल स्पीडचा हिशेब दिला, पण रोजच्या वापरात कमी स्पीडवरची बचतच माझ्या जास्त मनात भरली. हवा ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग निम्मा केला तर कागदावर तरी आठवा हिस्साच ताकद पुरते. बीएलडीसी पंखा या नियमाच्या बराच जवळ जातो. आमचा पंखा तीन नंबरवर १२ वॅटच्या आसपास घेतो. भिंतीवर जुन्या पद्धतीचा मोठा, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर साध्या पंख्याचा स्पीड कमी करून फारसं वाचत नाही, कारण पंख्याने न घेतलेली बरीचशी वीज तो रेग्युलेटर उष्णता करून टाकतो. नवे छोटे रेग्युलेटर त्या मानाने पुष्कळ बरे, पण इतके खाली तेही येत नाहीत. पहाटे गारवा आला की आम्ही पंखा दोनवर आणतो आणि सकाळपर्यंत तो नावापुरती वीज घेत फिरत राहतो. आवाजही होत नाही. जुन्या पंख्याची घरघर इतकी अंगवळणी पडली होती, की पहिल्या रात्री त्या शांततेत आईला चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं.

आता एसीकडे येते. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना तासाला सुमारे दीड युनिट घेतो. तेवढ्या विजेत ३० वॅटचा पंखा पन्नास तास फिरतो. हे गणित डोक्यात बसल्यावर आम्ही घरातली पद्धतच बदलली. पूर्वी एसी २४ वर आणि पंखा बंद असायचा, कारण पंख्याने गार हवा ‘पसरते’ आणि वाया जाते अशी समजूत होती. आता एसी २७ वर आणि पंखा तीनवर. अंगाला जाणवणारा गारवा तोच. वाहती हवा त्वचेवरचा घाम उडवते, त्यामुळे खोली दोन-तीन अंशांनी गरम असली तरी तितकंच बरं वाटतं, हे हवेच्या सोयीचा अभ्यास करणारे लोक कित्येक वर्षं सांगत आहेत. एसीचं तापमान एका अंशाने वर नेलं की त्याच्या विजेत साधारण पाच-सहा टक्के घट होते असं धरतात. घर, ऊन आणि मशीन यांप्रमाणे हा आकडा हलतो, पण दिशा पक्की आहे. वर रात्री दोन तासांनी टायमरने एसी बंद होतो आणि पुढची रात्र पंखाच सांभाळतो. खोली तोवर गार झालेली असते, भिंतींचा ताव उतरलेला असतो. गेल्या उन्हाळ्यातली आणि या उन्हाळ्यातली बिलं शेजारी ठेवली तर घट पंख्यांच्या ६० युनिटांपेक्षा बरीच जास्त आहे, आणि ती इथून आली आहे.

पंखा खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, कितीही कमी वॅटचा असला, तरी वाया जातो. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच टाकते. ‘हा काही खात नाही’ म्हणून पंखा तसाच चालू ठेवायची सवय या पंख्यांबरोबर घरात शिरते, तिला वेळीच आवर घालावा. आणि बचतीच्या भरात एक मर्यादा ओलांडू नये : खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल, तर पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. घरात वयस्कर माणसं, तान्ही बाळं किंवा आजारी माणूस असेल तर अशा दुपारी बिलाचा विचार बाजूला ठेवून एसी लावावा, किंवा गार जागी हलावं. आमच्याकडे बाबांचं वय बघता यात मी काटकसर करू देत नाही.

तक्रारीही आहेत. सगळ्यात मोठी सर्किट बोर्डाची. ऐन उन्हाळ्यात एका संध्याकाळी वीज दोन-तीन झटके देऊन गेली-आली, आणि बैठकीतला पंखा गप्प झाला. साध्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर आमचा वायरमन पाच मिनिटांत बदलून देतो. या पंख्याचं झाकण उघडून त्याने बघितलं आणि सरळ सांगितलं की बोर्ड कंपनीकडूनच मागवावा लागेल. बोर्ड वॉरंटीत फुकट मिळाला, पण यायला दोन आठवडे गेले आणि त्यासाठी फोन करकरून जीव मेटाकुटीला आला. तेवढे दिवस माळ्यावरचा जुना पंखा उतरवून लावला होता म्हणून निभावलं. त्यामुळे माझा आग्रह आहे की जुने पंखे लगेच भंगारात देऊ नका, निदान एक तरी ठेवा. आणि पंखा निवडताना वॉटेजपेक्षा वॉरंटीची वर्षं आणि तुमच्या भागात दुरुस्ती करणारा माणूस खरंच येतो का, हे आधी विचारा. बोर्ड वॉरंटीनंतर गेला आणि विकत घ्यावा लागला, तर बचतीचा मोठा घास एका फटक्यात जातो.

दुसरी तक्रार रिमोटची. भिंतीवरचा रेग्युलेटर यातल्या बहुतेक पंख्यांना चालत नाही, तो काढून थेट जोडणी करावी लागते. म्हणजे स्पीडसाठी रिमोट शोधणं आलं. आईबाबांना ते जाचक वाटत होतं. मग खटक्याच्या शेजारीच रिमोटचा कप्पा भिंतीला चिकटवला आणि ‘वापरलं की इथेच’ असा नियम केला, तेव्हा जमलं. काही पंख्यांत तोच भिंतीवरचा खटका पटकन बंद-चालू करून स्पीड बदलता येतो, घरात वयस्कर माणसं असतील तर ती सोय असलेलाच पंखा घ्यावा. वीज गेल्यावर परत येताना पंखा आधीच्याच स्पीडवर सुरू होतो की नाही, हेही विचारून घ्या. आमचे तीनपैकी दोन होतात, तिसरा फुलवरच सुरू होतो आणि पहाटे सगळ्यांना हुडहुडी भरवतो.

घेताना फक्त कमी वॅट बघून भुलू नये, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पंख्याचं काम हवा देणं. डब्यावर हवेचं प्रमाण मिनिटाला किती घनमीटर ते लिहिलेलं असतं. १२०० मिलिमीटरच्या चांगल्या पंख्यात ते २१० ते २३० च्या घरात असतं. हा आकडा फारच कमी असेल तर कमी वीज खाण्यात कसलंच कौतुक नाही, कारण घरातले लोक वैतागून एसी लावतील आणि सगळंच मुसळ केरात. टांगणीकडेही लक्ष द्यावं. पाती छताला अगदी चिकटून असतील तर पंख्याला वरून ओढायला हवाच मिळत नाही. छत आणि पाती यांत फूटभर तरी अंतर राहील एवढा लांब दांडा लावून घ्यावा. आमच्या एका खोलीत वायरमनने आखूड दांडा लावला होता, तो बदलून घेतल्यावर हवेत जो फरक पडला तो स्पीड एका नंबरने वाढवल्यासारखा होता.

इन्व्हर्टर असलेल्यांसाठी हे पंखे म्हणजे निव्वळ फायदा. तीन साधे पंखे बॅटरीवर सव्वादोनशे वॅट ओढत होते, आता तिघे मिळून नव्वद. फक्त पंखे चालवले तर बॅटरी दुपटीहून जास्त वेळ पुरते. व्होल्टेज कमी झालं की जुने पंखे मरगळायचे, हे त्याच वेगाने फिरत राहतात. रात्री सगळीकडे एसी लागतात आणि दाब उतरतो, तेव्हाच त्याची किंमत कळते.

पंख्यांबरोबर केलेल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याशिवाय बिलातली घट पूर्ण उलगडत नाही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने चटई बांधली. आतल्या पडद्यापेक्षा तिचा उपयोग जास्त, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडतं. सकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागली की खिडक्या बंद, रात्री उलट झालं की सताड उघड्या. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुतो. फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढला, म्हणजे त्याच्या मागची गरम हवा कोंडत नाही. यातल्या चटईला थोडे पैसे लागले, बाकीच्याला काहीच नाही.

स्वयंपाकघरातला पंखा मी बदललेला नाही आणि सध्या बदलणारही नाही. तो दिवसात जेमतेम दीड तास फिरतो, तेही गॅस बंद झाल्यावर. महिन्याला दोन युनिट वाचवण्यासाठी नवा पंखा घेण्यात अर्थ नाही. ते पैसे मी झोपायच्या खोलीच्या दुसऱ्या खिडकीला बाहेरून सावली करण्यासाठी ठेवले आहेत. तिथे दुपारी तीननंतर भिंत तापते आणि रात्री अकरापर्यंत निवत नाही.