तपासली एक, घरी आली दुसरी

वाशी स्टेशनच्या बाहेर, चहाच्या टपरीशेजारी उभं राहून मी एका माणसाला ६८ हजार रुपये दिले आणि वर त्याचे आभारही मानले. लेन्स नीट गुंडाळून दिली म्हणून. सगळी चलाखी त्या गुंडाळण्यात होती, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तीन महिने झाले. आता हात थरथरत नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

पतपेढीत नोकरी करणारी बाई एवढ्या महागड्या लेन्सच्या नादाला का लागली, ते आधी सांगते. मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. धाकटी मुलगी कबड्डी खेळते. तिचे फोटो काढता काढता तिच्या संघाचे काढू लागले, मग समोरच्या संघाचे, आणि हळूहळू मंडळं बोलवायला लागली. रात्रीचे सामने, थोडंफार मानधन, वडापाव आणि शेवटी श्रीफळ. कॅमेरा कॅननचा सेव्हन डी मार्क टू, चुलत दिरांकडून घेतलेला. २०१४चं मॉडेल, पण सेकंदाला १० फोटो घेतो आणि दिव्यांची फडफड ओळखतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मैदानावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, एक काळवंडलेला, असं येतं. हा कॅमेरा उजेडाचा क्षण धरून शटर उघडतो. तेव्हा कॅमेऱ्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. लेन्स तोकडी पडत होती.

कुठली घ्यावी यावर मी चार महिने घालवले. यजमान म्हणायचे, मुलीसाठी स्थळ बघतानाही तू इतक्या चौकशा करणार नाहीस. माझ्यापुढे तीन पर्याय होते. १५०-६००ची लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) बघून कुणालाही मोह पडतो, एवढी लांबलचक नळी! पण मी बसते मैदानाच्या कोपऱ्यात, रेषेपासून दोन-तीन मीटरवर. मुलींचं कबड्डीचं मैदान असतं १२ बाय ८ मीटर. चढाई करणारी पोर माझ्यापासून सहा मीटरवर आली की १५०वर नुसता चेहरा आणि खांदा मावतो. पाय कुठे आहेत, बोनस रेषा ओलांडली का, काहीच दिसत नाही. कबड्डीच्या फोटोत पाय नसेल तर मग काढायचा तरी कशाला! क्रिकेटवाल्यांचं वेगळं आहे. सीमारेषेबाहेरून खेळपट्टी साठ-सत्तर मीटर लांब, तिथे ४०० काय, ६००सुद्धा कमी वाटते.

दुसरी १००-४००. दिवसाउजेडी तिच्यासारखी लेन्स नाही असं सगळे सांगतात आणि ते खरंही असेल. पण झूम पुढे नेली की तिचं तोंड एफ ५.६पर्यंत आकसतं. एफचा आकडा मोठा तितकं तोंड लहान. २.८च्या मानाने ५.६ला चौथा हिस्सा उजेड आत येतो. म्हणजे ७०-२०० एफ २.८वर जो फोटो मला आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ३२००ला मिळेल, तोच १००-४००वर काढायला आयएसओ १२८०० लागणार, कारण शटरचा वेग १/८०० सेकंदापेक्षा कमी करता येत नाही. चढाई असते ३० सेकंदांची, पण त्यातला हात लागण्याचा क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. १२८००वर माझ्या कॅमेऱ्यातून रव्याची खीर बाहेर येते. त्यामुळे ठरलं की ७०-२०० एफ २.८, आयएस (म्हणजे हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय), मार्क टू. २०१०ची लेन्स, दीड किलोची, पांढरट, तोंडाशी लाल कडं असलेली. सेव्हन डीचा सेन्सर लहान असल्यामुळे ती ११२-३२०सारखी वागते, म्हणजे मला हवी तेवढीच. कधी लांबचं लागलंच तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये १.४चा कन्व्हर्टर लावून २८० एफ ४ होते.

हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की हेच सगळं मी त्या माणसालाही फोनवर सांगितलं होतं.

जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवर त्याची जाहिरात होती. इतर विक्रेते ऐंशीच्या पुढे मागत होते, हा ७२ म्हणाला. फारच स्वस्त असती तर मला संशय आला असता. ७२ म्हणजे ‘माणसाला गरज असेल’ इतपत स्वस्त. मी फोन केला आणि कबड्डीला २.८च का हवी यावर त्यालाच व्याख्यान दिलं. तो मध्येमध्ये ‘बरोबर, ताई’ म्हणत होता. शेवटी म्हणाला, “तुम्हाला तर सगळंच माहितीये. माझ्याकडे १५०-६०० पण आहे, पण ताई, कबड्डीसाठी ती नका घेऊ. फसाल.”

हा शब्द त्यानेच वापरला होता. जो माणूस स्वतःची दुसरी वस्तू विकायला नको म्हणतो, त्याच्यावर विश्वास बसणारच. माझा बसला. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो पाठवला, माउंटजवळच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथल्या, अनुक्रमांकाचा जवळून काढलेला फोटो पाठवला, पुढच्या काचेचा पाठवला. मी न मागता.

भेटायची जागा त्यानेच ठरवली, वाशी स्टेशन. मला ट्रान्स-हार्बरने सरळ पडतं, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला आला, बरोबर विशीतला एक मुलगा. “हा भाचा.” भाच्याकडे काळी सॅक. “ताई, पनवेलची गाडी पकडायचीय, पण तुम्ही आरामात बघा.” बोलायला नम्र, शर्ट इस्त्रीचा. असल्या माणसाच्या हातात चहाचा कप शोभतो.

मी आरामातच बघितली. माझ्या कॅमेऱ्याला लावली, २००वर नेली, एफ २.८ ठेवलं आणि तिकिटाच्या रांगेतल्या एका काकांच्या चष्म्यावर फोकस केला. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तर काडीवरचा स्क्रू दिसत होता. बटण अर्धं दाबलं की आतून टक् आवाज यायचा, मग बारीक गुणगुण, आणि थरथरणारं चित्र जागच्या जागी थबकायचं. म्हणजे आयएस चालू. फोनचा टॉर्च मागच्या बाजूने मारून पुढून पाहिलं, मग उलट. धुळीचे दोन-चार कण, बस. झूमचं कडं मऊ. घासाघीस करून ६८वर आणलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

यूपीआयने पैसे पाठवताना नाव वेगळंच आलं. त्याने सांगितलेलं आडनाव एक, फोनवर दिसणारं दुसरं. मी विचारलं. “मेव्हण्याचं खातं आहे, माझं सध्या केवायसीमुळे अडकलंय.” आणि मी पिन टाकला. पतपेढीत काम करते हो मी! आमच्या खिडकीशी कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

पैसे पोचल्याचा आवाज झाला आणि तो म्हणाला, “द्या ताई, नीट पॅक करून देतो. लेडीज डब्यात या वेळेला काय धक्काबुक्की असते, मला माहितीये.” मी लेन्स कॅमेऱ्यावरून काढली आणि त्याच्या हातात दिली. भाच्याने सॅक उघडून समोर धरली. मागचं झाकण शोधायला म्हणून दोघे वाकले, सॅकमध्ये हात गेले, तेवढ्यात त्याने मला विचारलं, “मुलगी कुठल्या पोझिशनला खेळते?” मी सांगितलं, डावा कोपरा. सांगताना मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग बबल रॅप, वरून खाकी टेप, चारही बाजूंनी. खोक्यासकट पिशवी माझ्या हातात. “सांभाळून जा, ताई.”

डब्यात बसायला मिळालं होतं. ठाण्यापर्यंत मी ती पिशवी तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरून बसले. घरी नणंद आली होती, स्वयंपाक, गप्पा, टेप कापायचा राहिला.

सकाळी कापला. लेन्स तशीच दिसत होती, तेच मॉडेल, तेच लाल कडं. कॅमेऱ्याला लावून बटण दाबलं. टक् आवाज नाही. स्विच खाली-वर केला. नाही. समोरच्या इमारतीच्या गॅलरीच्या गजांचा फोटो काढला तर डावीकडचे गज सुरीच्या धारेसारखे आणि उजवीकडचे, लोणी उन्हात ठेवल्यासारखे. असं होतं तेव्हा आतली एखादी काच जागची हललेली असते, बहुतेक लेन्स पडलेली असते. मग टॉर्च मारला. आत, मधल्या कुठल्याशा काचेवर, कडेपासून मध्याकडे सरकत गेलेलं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते हे मला माहीत होतं, पण प्रत्यक्ष पहिल्यांदा पाहिली. खरं सांगायचं तर दिसायला सुंदर असते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा अनुक्रमांक काढला. हातातल्या लेन्सचे शेवटचे चार आकडे वेगळे. अंकाला अंक लावायला मला दहा सेकंद लागली. ती दहा सेकंद मी वाशीला का खर्च केली नाहीत, याचं उत्तर माझ्याकडे नाही. फोन बंद, जाहिरात गायब.

१९३०वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली गेली. पण तोपर्यंत बारा तास उलटून गेले होते आणि पैसे त्या ‘मेव्हण्याच्या’ खात्यातून आदल्या रात्रीच पुढे सरकले होते. हा नंबर फसल्याचं कळताक्षणी फिरवायचा असतो, आधी नवऱ्याला, मग भावाला, मग मैत्रिणीला सांगून झाल्यावर नाही. मी तेच केलं आणि अख्खा तास घालवला. पोलिसांत गेले तर पहिला प्रश्न, “ताई, वस्तू तर मिळाली ना तुम्हाला?” दुसरा प्रश्न, घटना कुठे घडली, म्हणजे हद्द कुणाची. इथे माझा भाऊ उपयोगी पडला. त्याला माहीत होतं की नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. आपण अजून ‘चारशेवीस’ म्हणतो, पण १ जुलै २०२४पासून फसवणुकीचं कलम ३१८ झालंय. कलम बदललं, इस्त्रीचा शर्ट तोच.

वस्तू बदलली हे मी सिद्ध कसं करणार होते? योगायोगाने कार्डावरचे वाशीचे फोटो मी पुसले नव्हते. त्या काकांचा चष्मा आणि सकाळचे ते गज, एकाच कॅमेऱ्यावर, एकाच एफ २.८ला, तेरा-चौदा तासांच्या अंतराने. त्याने स्वतः पाठवलेला अनुक्रमांकाचा फोटोही होताच. हे दोन्ही छापून अर्जाला जोडले. अर्ज दाखल आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

फोर्टला बोरा बाजारात एका जुन्या कारागिराला लेन्स दाखवली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगातून माउंटचे स्क्रू बघितले. “बेन, हे बघा. खाचेतला रंग उडालाय. ही आधीही उघडलीये, एकदा नाही.” बुरशी पुसता येईल, पण तिने काचेवरचा मुलामा जिथे खाल्लाय तिथे तो परत येणार नाही, असं तो म्हणाला. हललेली काच आणि आयएस मिळून सांगितलेला खर्च ऐकून मी चहा न घेताच निघाले.

तुम्ही जुनी लेन्स घ्यायला निघाला असाल तर टॉर्च न्या, भिंतीच्या विटांचे फोटो काढून चारही कोपरे मोठे करून बघा, हे सगळं कराच. मीही केलं होतं. फक्त तपासून झाल्यावर ती कॅमेऱ्यावरून उतरवू नका. अनुक्रमांक आपल्या डोळ्यांनी जुळवा, मग पैसे द्या, आणि लेन्स कॅमेऱ्याला लावलेलीच आपल्या पिशवीत घालून घरी या. झाकण, खोकं, बिल, काय द्यायचं ते त्याने वेगळं द्यावं. गाडी त्याची सुटत असेल तर सुटू दे. खात्याचं नाव आणि माणसाचं नाव जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा, भाडं गेलं तर गेलं.

लेन्स विकायची नाही असं ठरवलं आहे. विकणार कुणाला? दुसऱ्या कुणा बाईला? वापरतेच. एफ ५.६ला आणली की उजवी बाजू बरीच सावरते, म्हणजे ज्या ५.६ला नाकं मुरडून मी १००-४०० नाकारली होती, तिथेच येऊन बसले आहे, आयएसओ १२८००वर. गेल्या आठवड्यात कळव्याच्या सामन्यातला एक फोटो मुलीने फोनवर मोठा करून बघितला आणि विचारलं, “आई, माझ्या तोंडावर रवा का सांडलाय?” मंडळाच्या सेक्रेटरींना मात्र तो फार आवडला. सहा फुटांचा बॅनर करून चौकात लावलाय. चढाईला निघालेल्या पोरीचा पुढे टाकलेला हात फोटोच्या उजवीकडे आहे आणि त्या हाताची बोटं धूसर आहेत. खालून रिक्षातून जाताना कळत नाही.