आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका : जर्मन शेफर्ड घेताना झालेली फसवणूक

आमचा जर्मन शेफर्ड बाजी आता साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही भांडुपला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. रोज सकाळी आणि रात्री मी आणि माझे मिस्टर त्याला खाली नेतो. जुन्या चादरीची झोळी त्याच्या पोटाखालून घालून मागचं अंग उचलून धरावं लागतं, कारण त्याच्या दोन्ही खुब्यांचे सांधे खराब आहेत. बत्तीस किलोचं जनावर एकेक पायरी उतरतं आणि प्रत्येक वळणावर थांबून आमच्याकडे बघतं. पिल्लाच्या शोधात असलेल्या कुणीतरी हे वेळेवर वाचावं म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

हौस मूळची सासऱ्यांची. अण्णा लालबागच्या गिरणीत साच्यावर होते, ८२ च्या संपापर्यंत. गिरणीच्या गेटावर पहारेकऱ्याजवळ एक अल्सेशियन असायचा. पाळी सुटली की शेकडो माणसं त्याच्यासमोरून जायची, तो ढिम्म बसून राहायचा, आणि एखादा अनोळखी माणूस आत शिरू लागला की नेमका उठायचा. ही गोष्ट अण्णांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल! त्यांच्या पंचाहत्तरीला तसंच पिल्लू आणायचं आम्ही ठरवलं.

मोबाइलवर जाहिरात सापडली. ‘केसीआय पेपर, डबल बोन, डबल कोट, शो क्वालिटी, वय ४५ दिवस.’ (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, त्यांचे पेपर म्हणजे कुत्र्याच्या वंशावळीची नोंद.) फोन उचलणारा माणूस शुद्ध मराठीत, अदबीने बोलला. “ताई, घरचं माणूस समजा,” म्हणाला. अण्णांशी तर तो अर्धा तास या जातीच्या इतिहासावर बोलला, आणि तिथेच आम्ही विरघळलो. ज्याला इतकं माहीत आहे तो लबाड कसा असेल, असं वाटलं. पुढे मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं की त्याने सांगितलेला बराचसा इतिहास खरा होता. खोटं फक्त जिथे पैसे होते तिथे मिसळलं होतं.

खरं काय होतं? जर्मनीत कुरणं आणि उभी पिकं शेजारी शेजारी, मध्ये कुंपण नाही. मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून कुत्रा दिवसभर बांधाच्या कडेने येरझारा घालायचा. तो स्वतःच कुंपण असायचा. प्रांताप्रांतात असे कुत्रे वेगवेगळ्या रूपाचे होते, मेंढपाळ त्यांना कामावरून निवडत. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या कॅप्टनला यातून एक ठरीव जात घडवायची होती. एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूहेच्या प्रदर्शनात त्याला एक कुत्रा दिसला. त्याने तो तिथेच विकत घेतला, त्याचं हेक्टर हे नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं आणि त्याच महिन्यात जातीची संघटना स्थापन केली. होरांड हा नोंदवहीतला पहिला जर्मन शेफर्ड. श्टेफानित्सचा आग्रह कामाचा होता, रूप नंतर. कारखाने वाढले, मेंढ्या कमी झाल्या, तसे त्याने हे कुत्रे पोलीस आणि लष्कराकडे वळवले.

आणि खोटं? अण्णा सारखं ‘अल्सेशियन’ म्हणत होते, ते त्याने बरोबर पकडलं. म्हणाला, “अण्णा, जर्मन शेफर्ड वेगळा आणि अल्सेशियन वेगळा. अल्सेशियन आता दुर्मिळ झालाय, पण तुमच्यासाठी एक ठेवलाय.” या एका वाक्याचे आठ हजार रुपये जास्त घेतले. प्रत्यक्षात जात एकच आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्द कुणाला नको होता, म्हणून तिथे अल्सेशियन हे नाव दिलं गेलं. १९७७ मध्ये तिथल्या केनेल क्लबने मूळ नावाला पुन्हा मान्यता दिली. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी ते इंग्रजी अमलातलं नाव राहिलं, एवढंच. ‘डबल बोन’ नावाचा प्रकारच अस्तित्वात नाही. आणि डबल कोट, म्हणजे वर राठ केस आणि आत मऊ लोकर, जर्मन शेफर्डला सहसा असतोच. त्याचे वेगळे पैसे कसले?

आम्ही आईला बघायला मागितलं होतं. “आई गावाला पाठवलीय ताई, बाळंतपणानंतर आरामाला.” मग निदान तुमच्याकडे येऊन पिल्लं बघतो म्हटलं, तर म्हणाला, पार्वोची साथ आहे, बाहेरची माणसं आत घेत नाही. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार खरंच बुटाचपलांवरून पसरतो, त्यामुळे हे कारण आम्हाला उलट जबाबदारीचं वाटलं. त्याने एका भरदार मादीचा व्हिडिओ पाठवला. पाच हजार टोकन घेतलं. एका संध्याकाळी दादर स्टेशनबाहेरच्या गर्दीत एक मुलगा आला. त्याने पुठ्ठ्याचं खोकं आमच्या हातात दिलं, उरलेले तीस हजार मोबाइलवर मागवून घेतले आणि दोन मिनिटांत निघून गेला. खातं वेगळ्याच नावाचं होतं. विचारलं तर “भाचीचं आहे.” पेपर तीन महिन्यांनी घरपोच येणार होते. खोक्यात पिल्लू थरथरत होतं. त्या क्षणी मागे फिरायला हवं होतं हे आज कळतं. पण माझ्या लेकीने त्याला ओढणीत घेतलं आणि ते तिच्या मानेशी तोंड खुपसून झोपलं. त्यानंतर परत द्यायचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं. हे विकणारे त्याच क्षणावर धंदा करतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. समोरचे दात आणि सुळे नुकते डोकावत होते, दाढांचा पत्ता नव्हता. “हे दीड महिन्याचं नाही, जेमतेम चार आठवड्यांचं आहे.” लसीच्या कार्डावर स्टिकर होतं, पण डॉक्टरची सही नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता, आणि लस टोचल्याची जी तारीख होती त्या वेळी पिल्लू दोन आठवड्यांचं असणार. मॅडमनी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि लसी नव्याने, योग्य वयाला सुरू केल्या. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. म्हणजे जाहिरातीतलं वय खरं असतं तरी ती विक्री नियमबाह्यच होती. ‘४५ दिवस’ हे शब्द जाहिरातीत आजही सर्रास दिसतात, आणि लोकांना तेच पिल्लू घेण्याचं योग्य वय वाटतं.

वयाची ही चोरी किती महागात पडते ते घरी कळलं. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्लू भावंडांशी खेळता खेळता शिकतं. जोरात चावलं तर दुसरं केकाटतं, खेळ बंद होतो. बाजीला ते शिकायला मिळालंच नाही. पहिले चार महिने लेकीचे हात ओरबाडलेले असायचे. त्यातून ही जात जन्मतः सावध, अनोळखी माणसाला चटकन जवळ न करणारी. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या काळात त्याला माणसं, आवाज, रस्ते यांची शांतपणे ओळख व्हावी लागते. नाहीतर सावधपणाची भीती होते आणि भीतीचा चावा होतो. आम्हाला एक शिकवणारे मिळाले, फार मेहनत घेतली, म्हणून बाजी आज माणसाळलेला आहे. रात्री तो प्रत्येक खोलीत डोकावतो, सगळे आत आलेत ना बघतो, आणि मगच दारापाशी आडवा होतो. अण्णा उशिरा आले तर तोवर झोपत नाही. बांधावरच्या त्या पूर्वजांचंच हे काम आहे, आणि ते तो आमच्या दोन खोल्यांत करतो.

खरा घात मात्र कॅल्शियमने केला. विकणाऱ्याने पिल्लासोबत एक बाटली दिली होती आणि सांगितलं होतं, रोज दोनदा द्या, पोट भरून खाऊ घाला, हाड जाड होईल. आम्ही मनापासून दिलं. डॉक्टर मॅडमना ते दोन महिन्यांनी कळलं, तेव्हा त्या जवळजवळ ओरडल्याच. मोठ्या जातीच्या पिल्लांना वरून कॅल्शियम दिलं आणि झपाट्याने वजन वाढवलं तर वाढत्या हाडांचं आणि सांध्यांचं नुकसान होतं. सातव्या महिन्यात बाजी पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारू लागला. बसला की उठायला वेळ लावायचा, लादीवर मागचे पाय घसरायचे. भूल देऊन एक्स-रे काढला. हिप डिस्प्लेझिया. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही, सैल राहतो, घासत जातो आणि पुढे संधिवात होतो. याचं मूळ आनुवंशिक असतं. वजन, आहार, घसरडी जमीन यांनी ते बळावतं. म्हणजे मूळ दोष त्याच्या आईबापांकडून आला, पण त्यावर आम्ही रोज दोन चमचे आमच्या हातांनी ओतत होतो. हे लिहितानाही पोटात तुटतं.

तीन महिन्यांनी येणार होते ते पेपर नवव्या महिन्यात आले, तेही दहा वेळा फोन केल्यावर. त्यावर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, नंबर होता. मॅडमनी बाजीच्या मानेपासून पाठीपर्यंत स्कॅनर फिरवला, चिप नव्हतीच. नंबर पडताळला तर तो दुसऱ्याच कुत्र्याचा निघाला. पण एक सांगते, पेपर अस्सल असते तरी ते वंशावळ सांगतात, सांध्यांबद्दल काही सांगत नाहीत. त्यासाठी आईबापांचे खुब्यांचे एक्स-रे लागतात. जर्मनीतली संघटना पैदाशीआधी ते बघते. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली एक संस्था कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावर एक्स-रे तपासून दर्जा देते. माझ्या मते आपण पिल्लू घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. पाठीचा उतार जितका जास्त तितकं भारी असं जो सांगतो, त्याच्या कुत्र्यांची मागून चाल बघा. मागचे पाय लटपटत असतील तर निघून या.

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या बाकावर आमचे पुष्कळ तास गेले. तिथे जर्मन शेफर्डवाले एकमेकांना लगेच ओळखतात. एका काकांचा कुत्रा भांडंभर खाऊनही हाडाचा सापळा झाला होता, शी फिकट आणि ढिगाने. जंत म्हणून सहा महिने औषधं झाली, शेवटी निघालं की स्वादुपिंड पाचक रसच तयार करत नाही. या जातीत ते बरंच आढळतं, आणि जेवणात पाचक पूड मिसळली की कुत्रा सावरतो. एका बाईंची नऊ वर्षांची कुत्री मागच्या पायांची नखं घासत चालायची, दुखत काहीच नव्हतं. तो मज्जारज्जूचा आजार, त्यालाही आनुवंशिक कारण असतं आणि त्यासाठी जनुकीय चाचणी मिळते. तिथेच एकाने बजावलं ते मी कायम लक्षात ठेवलं आहे : पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि कुत्रा ओकारी काढतोय पण काहीच पडत नाही, तर सकाळची वाट बघू नका, पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि काही तासांत जीव जातो. आणि माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेनसारख्या, चुकूनही देऊ नका. मला एका शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने तोच सल्ला दिला होता.

बाजीचं वजन आम्ही काटेकोर ठेवतो. घरभर रबरी चटया आहेत, व्यायाम डॉक्टरांनी दिलेला, आणि दुखणं वाढलं तर त्यांचंच औषध. शस्त्रक्रियेचा विचार अजून चालू आहे.

त्या माणसाने एक्स-रे पाठवल्यावर “ताई, दुसरं पिल्लू देतो, हे परत आणा,” असं लिहिलं आणि मी नाही म्हटल्यावर नंबर ब्लॉक केला. परत घेऊन त्याचं काय करणार होता, हा विचार मी करू शकत नाही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता लागतो. आमच्याकडे पावती नव्हती, आणि चॅटमध्ये दिलेल्या पत्त्यावर तसं कुणी राहतच नव्हतं. टोकन देण्याआधी पावती, नोंदणी क्रमांक आणि प्रत्यक्ष जागा बघितली असती तर आज हातात काहीतरी असतं. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. आम्ही तो केलाच नाही.

गेल्या महिन्यात तशीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवीन, पण व्हिडिओतली मादी तीच, मागची निळी भिंतही तीच. मी लेकीच्या फोनवरून फोन लावला आणि आईला बघायला कधी येऊ म्हणून विचारलं.

“आई गावाला पाठवलीय ताई, बाळंतपणानंतर आरामाला.”

त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि नंबर मी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात आमच्या जुन्या अर्जाला जोडून आले.