पावसाळ्यात ऐकू येणारी शाळा : तालुक्याची इंग्रजी शाळा की गावची जिल्हा परिषद शाळा?

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलाला पहिलीत घालण्याची वेळ आली, की दापोली-गुहागर पट्ट्यातील पालकांपुढे बहुधा दोनच वाटा उरतात. एक तालुक्याच्या गावी व्हॅनने पाठवायची इंग्रजी माध्यमाची शाळा आणि दुसरी घरापासून हाकेच्या अंतरावरची जिल्हा परिषदेची. माझी मुलगी दोन्हींत शिकली आहे. पहिलीची दिवाळीपर्यंतची सहामाही तिने तालुक्याला काढली, तेव्हापासून ती गावात आहे आणि आता तिसरीला आहे. तिच्या दोन्ही कानांना ६० डेसिबलच्या थोडा पुढे जाणारा दोष आहे. फी, गणवेश आणि माध्यम यांचा हिशेब प्रत्येक घरात आधीच झालेला असतो, त्यामुळे तो येथे मांडत नाही.

तालुक्याच्या शाळेबद्दल तक्रारीच्या सुरात लिहिणे अन्यायाचे होईल. प्रवेशाच्या वेळी तेथे कोणी कपाळाला आठी घातली नाही, मुलीला न मागता पहिला बाक मिळाला, व्हॅनमध्ये मदतनीस बाई असत, जिन्याशेजारी उतार होता. सुरक्षिततेचे धडे तर आमच्या गावच्या शाळेपेक्षा कितीतरी शिस्तीत होत. चांगला आणि वाईट स्पर्श यांतला फरक बाहुली हातात घेऊन शिकवला जाई, १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक पाठ करून घेतला जाई आणि आग लागल्यास वर्ग कसा रिकामा करायचा याचा सरावही होई. तो सराव शिट्टीवर चाले. शिट्टी वाजली, की माझी मुलगी शेजारणीकडे पाही, ती उठली की ही उठे. रांगेत ती बरोबर जाई, म्हणून ही गोष्ट बरेच दिवस कोणाच्या लक्षात आली नाही आणि पालकसभेत ऐकेपर्यंत माझ्याही आली नव्हती.

माझा निर्णय मात्र या शिट्टीवर झाला नाही. तो छपरावर झाला.

आम्ही ती शाळा एप्रिलमध्ये पाहिली होती. वरच्या मजल्यावर पहिलीचा वर्ग, मोठ्या खिडक्या, रंगवलेल्या भिंती आणि वर निळा पत्रा. आपल्याकडे शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, म्हणजे नेमक्या पावसाच्या तोंडावर, आणि जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तेथे पत्र्याखाली बसणे म्हणजे काय, हे एप्रिलमध्ये कोणाला सुचत नाही. जुलैपासून मुलीचे यंत्र रोज कंपासपेटीत, रुमालात गुंडाळलेले सापडू लागले. मी दोनदा रागावलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, पाऊस कानातच पडतो." दुसऱ्या दिवशी परवानगी घेऊन मी मागच्या बाकावर बसलो. सर आली आणि बाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण धड कान असलेल्या मलाही चार शब्दांतला एक कळत होता. यंत्र आवाज मोठा करते, त्यातून हवा तेवढा वेचून देणे त्याला पुरते जमत नाही. पत्र्याचा तडतडाट आणि बाईंचे बोलणे या दोन्ही गोष्टी ते सारख्याच इमानाने कानात ओतत होते. पावसात बाई फळ्यावर जास्त लिहीत, हे खरे, पण लिहिताना त्यांची पाठ वर्गाकडे असे आणि ओठही दिसत नसत. खालच्या मजल्यावर स्लॅबखाली वर्ग हलवता येईल का, असे मी विचारले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाजवी सोयीची तरतूद आहे, हेही नम्रपणे निदर्शनास आणले. खाली कार्यालय आणि संगणक कक्ष होता. उत्तर नकाराचे नव्हते, पुढच्या वर्षी पाहू असे होते.

गावची शाळा चिऱ्याची आणि कौलारू आहे, म्हणजे अर्धी कौलारू. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात एका खोलीची कौले उडाली आणि तिच्यावर पत्रा आला, दुसरीवर मंगलोरी कौले तशीच राहिली. दिवाळीनंतर दाखला घेऊन गेलो तेव्हा गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि पहिली-दुसरी कौलांखाली, तिसरी-चौथी पत्र्याखाली अशी मांडणी केली. यंदा मुलगी तिसरीत गेल्यावर खोल्यांची अदलाबदल झाली. कौले गळतात, खोलीत दोन ठिकाणी बादल्या असतात आणि पावसाची गाज तेथेही असतेच, पण तिच्यावर माणसाचा आवाज चढतो. यंत्र आता दिवसभर कानावर असते. ते दमट हवेत मलूल होते, म्हणून घरी रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो. नारिंगी चिकटपट्टीची बॅटरी बदलायला गुरुजी एका दुपारीत शिकले आणि आता वर्गातल्या दोन मुलीही ते काम करतात. तालुक्याला यंत्राला हात लावण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यांवर नको, असे धोरण होते आणि त्यामागची भीती मला समजू शकते.

सुरक्षिततेचा स्वतंत्र तास येथे नाही. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत हात घालायचा नाही, कारण तेथे फुरसे हा विषारी साप असतो, साकवावर एका वेळी एकानेच जायचे आणि रस्त्याने चालताना हिला मधे ठेवायचे, कारण मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा तिला वेळेवर कळत नाही, एवढेच आहे. फळ्यावर वार आणि दिनांकाबरोबर तिथी लिहिली जाते आणि तिथीची पाऊणपट करून त्या दिवशीच्या भरतीची ढोबळ वेळ मुलेच काढतात : अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. खाडीकाठच्या मुलाला हे ठाऊक असावेच लागते, आणि यातले बहुतेक डोळ्यांनी शिकता येते, हे माझ्या मुलीच्या पथ्यावर पडले. स्पर्शाचा धडा मात्र आम्हाला घरीच द्यावा लागला.

गावच्या शाळेच्या उणिवा लहान नाहीत. चार वर्गांना दोन शिक्षक, त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकत्र. पट चौदा असल्यामुळे शाळा राहील की दुसरीत मिसळली जाईल, ही टांगती तलवार आहेच. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत, की त्यांच्या भेटीवर वेळापत्रक बांधता येत नाही. इंग्रजीत मुलगी मागे पडली आहे. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी, किंवा ज्याला आठवड्यातून दोनदा वाचा-उपचाराला तालुक्याला न्यावेच लागते त्याच्यासाठी, मी कदाचित उलटा कौल दिला असता. आमच्या शाळेला तीन पायऱ्या आहेत आणि उतार अजून कागदावर आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे त्याचा दोष सगळा दुसऱ्यावर ढकलताही येत नाही.

ज्यांचा निर्णय व्हायचा आहे त्यांनी, शक्य असल्यास, आदल्या वर्षीच्या जुलैत दोन्ही वर्गांत अर्धा-अर्धा तास बसून यावे. ती संधी हुकली असेल, तर निदान वर काय आहे ते पाहावे आणि पत्रा असल्यास त्याखाली छत आहे का, हे विचारावे. चुकलेच, तर शिक्षण हक्क कायद्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेला वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, आम्ही त्याच आधारावर गेलो. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीसाठी जवळची शाळा तीन किलोमीटरवर आहे, तेथील शिक्षकांबद्दल सगळे चांगलेच बोलतात. गेल्या आठवड्यात भर पावसात जाऊन आलो. पाचवीचा वर्ग पत्र्याखाली आहे, सातवीचा स्लॅबखाली. मुख्याध्यापकांना भेटायची वेळ मागितली आहे.