अण्णांची बिडी सोडवायला निघाले आणि 34,339 रुपये घालवून बसले

34,339 रुपये. आकडा पूर्ण लिहितेय, कारण घरात आजवर मी "वीसेक हजार गेले असतील" एवढंच सांगत आले. यजमानांनाही खरा आकडा परवापर्यंत माहीत नव्हता. 17 दिवसांत चार वेळा पैसे दिले, आणि चारही वेळा मीच दिले. कुणी खात्यातून चोरले नाहीत. मला नेमकी याचीच लाज वाटते.

अण्णांचं वय 68. बिडी 45 वर्षांची. दिवसाला एक बंडल तरी संपतंच. गेल्या पावसाळ्यापासून खोकला असा वाढला की रात्री दोन-अडीचला उठून उशीला पाठ टेकून बसायचे आणि आई शेजारी पाठ चोळत बसायची. माझं सासर लांब. फोनवर आईचं बोलणं कमी आणि मागून येणारा तो खोकलाच जास्त ऐकू यायचा. भांडून झालं, रडून झालं, नातवाची शपथ घालून झाली. "सोडतो गं" म्हणायचे आणि अर्ध्या तासात अंगणातून धूर यायचा. शिकलेली बाई अशी कशी फसली असं ज्यांना वाटेल, त्यांनी तो खोकला आठवडाभर ऐकून बघावा. माणूस थकला की कशावरही विश्वास ठेवतो.

जाहिरात कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहेच. "घरच्यांच्या नकळत 21 दिवसांत बिडी, सिगारेट, गुटखा, दारू बंद. चव नाही, वास नाही." चहात मिसळायची पावडर. नंबर भरला आणि पाच मिनिटांत फोन. बाई स्वतःला डॉक्टर म्हणवत होती. पहिलंच वाक्य, "ताई, वडिलांवर ओरडू नका. दोष त्यांचा नाही, निकोटीनचा आहे." इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते खरंही आहे. निकोटीनचं व्यसन लागतं म्हणूनच नुसत्या शपथेनं बिडी सुटत नाही. एक खरं वाक्य पुढे करून त्या बाईनं मागून सगळं खोटं खपवलं.

डबा आला. कुरिअरवाल्याला 1,990 दिले तेव्हा त्यानं हातात दिला, त्याआधी उघडू दिला नाही. आत 30 चकचकीत पुड्या. मागे बारीक अक्षरांत एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर. तो खाद्यपदार्थाच्या परवान्याचा नंबर, हे मला आता कळतं. औषध म्हणून विकलेल्या डब्यावर औषध बनवण्याचा परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि आतल्या घटकांची नावं लागतात, आयुर्वेदिक असलं तरी. यावर "वनस्पतींचा अर्क" एवढंच होतं. कोणत्या वनस्पती? किती? काही नाही. मी नंबर आहे एवढं बघितलं आणि निश्चिंत झाले.

आता मूळ गोष्ट. ही आठवली की अजूनही झोप उडते.

शनिवारी डबा घेऊन माहेरी गेले. बाईनं सांगितलं होतं की पुडी सुरू करण्याआधी वडिलांच्या बोटांचा आणि नखांचा फोटो पाठवा, त्यावरून निकोटीनची पातळी काढून देतो. अण्णा झोपल्यावर मी खोलीत गेले. उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत पिवळी पडलेली, मधल्या बोटाच्या कडेला चटक्याचा जुना काळा डाग. अंधार होता म्हणून आधी स्वतःचाच हात धरून एक फोटो काढून बघितला, उजेड पुरतोय का ते. मग अण्णांच्या हाताचे दोन काढले. घाईत तिन्ही फोटो गेले.

वीस मिनिटांत "रिपोर्ट" आला. वर अण्णांचं नाव, खाली "निकोटीन 78 टक्के, अतिगंभीर" आणि कोपऱ्यात फोटो चिकटवलेला. फोटो माझ्या हाताचा होता. दोन हिरव्या काचेच्या बांगड्या स्पष्ट दिसत होत्या. मी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही आणि माझ्या हातावरून त्यांनी 78 टक्के काढले होते.

मी ते बघितलं. बघितलंच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. फोटो मोठा करून बांगड्या बघितल्या आणि मनाशी म्हटलं, आकडा अण्णांच्याच फोटोवरून काढला असेल, चिकटवताना चुकला असेल. त्यांची चूक मीच सावरून घेतली! तेव्हा बाजूच्या खोलीत अण्णा खोकत होते आणि मला ते खोटं निघायला नको होतं. फोटोवरून निकोटीन मोजता येत नाही. रक्त, लघवी किंवा लाळ तपासतात. त्याच रात्री "फुल कोर्स"चे 8,750 पाठवले. पैसे स्वीकारणाऱ्याचं नाव कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे "आमचे अकाउंटंट आहेत." तेही पटलं.

दुसऱ्या दिवसापासून आईला रोज सकाळच्या चहात पुडी घालायला लावली. आईचा हात थरथरायचा. "त्यांना सांगून देऊ या ना," म्हणाली होती ती. मी गप्प केलं.

आठवडाभरात अण्णा चिडचिडे झाले, झोप उडाली. बाई म्हणाली, "बघा, औषध लागू पडतंय." खरं असं होतं की त्याच सुमारास आईनं बंडलं लपवायला सुरुवात केली होती आणि बिड्या एकदम निम्म्यावर आल्या होत्या. निकोटीन कमी पडलं की कुणालाही हे होतं. पहिले काही दिवस जास्त, मग काही आठवड्यांत उतरतं. ही लक्षणं येणारच हे त्यांना ठाऊक असतं आणि ती ते आपल्या पुडीच्या नावावर खपवतात.

अकराव्या सकाळी अण्णा न्हाणीत भिंत धरून उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्या बाईनं एकदाही विचारलं नव्हतं की दुसरी औषधं कोणती चालू आहेत. फोन केला तर म्हणाली विष बाहेर पडतंय, आता थांबवलंत तर झटका येईल, डिटॉक्स किट मागवा. 18,600. पाठवले. घाबरले होते. वडिलांना आपल्या हातून काही झालं या भीतीत मला त्या क्षणी कुणीही काहीही विकलं असतं. किट आलंच नाही. फुल कोर्सचा डबा तेवढा आला, 60 पुड्या, पावडर तीच आणि डब्यावरचं नाव वेगळं. पैसे परत मागितले तर "रिफंड फाइल"चे 4,999. तेही भरले. मग जीएसटीसाठी 12,500 मागितले तेव्हा कुठे माझा हात थांबला.

यानंतर जे झालं त्याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम?" विषय संपला. पोलीस ठाण्यात गेले तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग ही ग्राहकाची तक्रार." अहो, 18,600 ची वस्तू कुठे मिळाली? "बाकीची मिळाली ना?" परत ठाण्यात. ठाणे अंमलदारांनी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, साहेब आल्यावर या. साहेब तीन खेपांना भेटले नाहीत. चौथ्या खेपेला भेटले आणि पहिला प्रश्न विचारला, "वडिलांना न सांगता चहात घालत होता? मग तुमच्यावरच काही येईल बघा." खुर्चीत बसलेली चार माणसं हसली. ती पावडर कुठे बनते, किती घरांत जातेय, हे एकानंही विचारलं नाही. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात डबा नेला तर डब्यावर खाण्याचा परवाना आहे, दुसऱ्या टेबलावर जा. दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, औषध म्हणून विकलंय ना, मग पहिल्या टेबलावर. औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 पासून आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. अर्जात मी दोन्ही लिहिलं. आठ खेपा, चार रजा आणि एक पोच, तीही शिक्क्याशिवाय.

पैसे गेले की त्याच मिनिटाला 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर, लावा. ठाण्यात जायच्या आधी. मी सहा दिवस लाजेत घालवले आणि तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले. चॅट, पैसे गेल्याचे मेसेज, कुरिअरची चिठ्ठी, काही पुसू नका. आणि नवव्या दिवशी मला एक "वकील" फोनवर भेटला, गेलेले पैसे 3,000 घेऊन परत आणून देतो म्हणणारा. तो त्याच टोळीतला असणार, माझा नंबर आणि आकडा त्याला आणखी कुठून कळणार? त्याला एक पैसा देऊ नका.

आणि कुणाच्याही चहात त्याला न सांगता काही घालू नका. ही चूक माझी आहे, त्या बाईची नाही.

अण्णांना शेवटी आईनंच सांगितलं. ओरडले नाहीत. दोन दिवस चहा घेतला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतः उठून स्वतःचा केला. मग मला म्हणाले, "मला विचारायचंस ना गं. मी काय लहान पोर आहे?" त्यांच्यापुढे देवळीत काडेपेटीशेजारी बिडीचं बंडल होतं. मी उचललं. धोक्याच्या चित्राखाली नंबर छापलेला, 1800-11-2356. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा, फुकट. 2018 पासून पाकिटांवर हा नंबर छापतात. मी 34,339 रुपये घालवले तेव्हाही तो त्याच देवळीत होता.

अण्णांनी तिथे स्वतः फोन केला. मी बाहेर ओट्यावर बसले, आत काय बोलणं झालं विचारलं नाही. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथेही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं. मला तिथेच रडू आलं. निकोटीनचा च्युइंगगम दिला. तो साध्या गमसारखा चघळत राहायचा नसतो. झिणझिण्या लागल्या की गालात दाबून ठेवायचा. मग थोड्या वेळानं पुन्हा चावायचा. बिडी पूर्ण सुटलेली नाही. मध्ये नऊ दिवस एकही ओढली नाही, मग चुलत्याच्या तेराव्याला दोन ओढल्या आणि ते त्यांनीच मला फोन करून सांगितलं.

उरलेल्या 79 पुड्या, दोन्ही डबे, कुरिअरचा खोका आणि बांगड्यांच्या फोटोचा तो रिपोर्ट छापून, सगळं एका पिशवीत बांधून कपाटावर ठेवलंय. ठाण्यातून अजून कुणी मागितलेलं नाही.